कोऱ्या काचेला टीबी

स्लाइडवर लाल काड्या होत्या आणि स्लाइड आमच्या डॉक्टरसाहेबांची होती.

मी तेव्हा भामरागडकडच्या जंगलपट्टीत एका सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. पावसाळा चालू होता. पूल पाण्याखाली, जिल्ह्याचा रस्ता बंद. टीबी शोधणारं मशीन जिल्ह्याला, आमच्याकडे नुसता मायक्रोस्कोप. रीत साधी आहे. रुग्णाचा बेडका काचेवर पसरवून वाळवायचा, लाल रंग ओतून गरम करायचा, मग ॲसिडने धुवायचा. बाकीचे जंतू लाल रंग सोडतात, टीबीचे सोडत नाहीत. शेवटी निळा रंग द्यायचा. प्रत्येक पायरीनंतर काच पाण्याने धुवायची. निळ्यावर लाल काड्या दिसल्या की पॉझिटिव्ह.

सुरुवात चिन्नीबाईपासून झाली. ती आश्रमशाळेत स्वयंपाक करायची. खोकला होता म्हणून आली आणि पॉझिटिव्ह निघाली. हेडमास्तरांनी तिला त्याच दिवशी घरी बसवलं. घरी सुनेने तिचं ताट वेगळं केलं, नातवाला जवळ जाऊ देईना. औषध सुरू व्हायचंच होतं, तेवढ्यात हेडमास्तरांनी स्वयंपाकघरातली बाकीची माणसंही पाठवली. मदतनीस पॉझिटिव्ह. चौकीदार पॉझिटिव्ह. चूल पेटवायला कोणी उरलं नाही, म्हणून हेडमास्तर स्वतः खिचडी शिजवू लागले. धुराने त्यांना खोकला सुरू झाला, असं ते सांगत होते. त्यांची स्लाइड लावली, तर तीही लाल.

ते म्हणाले, मी रोज योगासनं करतो, मला टीबी होऊच शकत नाही.

तेव्हा डॉक्टरसाहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, माझी लावून पाहा."

निकाल कळल्यावर साहेबांनी मास्क चढवला, खुर्ची उचलली आणि बाहेर मोहाच्या झाडाखाली ओपीडी सुरू केली. छत्री घेऊन. रुग्ण लांबूनच ओरडून दुखणं सांगायचे, त्यामुळे कोणाला मूळव्याध आहे ते अख्ख्या बाजाराला कळलं.

मग मी माझीच थुंकी तपासली. पॉझिटिव्ह.

घाबरून सुपरवायझरना फोन केला. तपासण्या थांबवू का, विचारलं.

"थांबवता काऊन?" ते म्हणाले. "पयल्यांदाच आपलं टार्गेट पूर्ण होऊन राह्यलं."

फोन ठेवला. खोकत नाही असं आता काय उरलं आहे, याचा विचार केला. मग एक कोरी काच घेतली. तिच्यावर काहीही न लावता रंगवली, धुतली, पाहिली. लाल काड्या.

आमचे शिपाई गेडामभाऊ यांनीही डोळा लावून पाहिलं. "आता काचेलेबी टीबी झाला, मॅडम. गोळ्या कोनाले द्याच्या?"

मी तशीच बाहेर पळाले आणि झाडाखाली साहेबांना सांगितलं. ते छत्री टाकून आत आले. काच नवी होती. रंग जुनेच, आधी कधी त्रास न दिलेले. बदललं होतं फक्त पाणी. रस्ता बंद झाल्यापासून डिस्टिल्ड वॉटर संपलं होतं आणि आम्ही नळाखाली स्लाइड धूत होतो. साहेबांना आठवलं, की टाक्यांत, पाइपांत टीबीच्याच भाऊबंदांतले काही जंतू राहतात. सहसा माणसाला काही करत नाहीत, पण लाल रंग तेही सोडत नाहीत.

गेडामभाऊंनी बाजारातल्या गॅरेजमधून बॅटरीत टाकायच्या डिस्टिल्ड पाण्याचा सीलबंद कॅन आणला. त्याने धुतलेली कोरी काच कोरीच राहिली. मग सगळ्यांचे नमुने पुन्हा घेतले. साहेब, मी, चौकीदार, मदतनीस, सगळे निगेटिव्ह.

चिन्नीबाईचे खात्रीसाठी दोनदा घेतलेले नमुनेही स्वच्छ आले. तिला सांगितलं, तर तिने विचारलं, "हे माह्या सुनेले कोन सांगन?" साहेब गाडीत बसले, गाडी जाईल तिथपर्यंत गेले, पुढे चिखलातून चालले आणि तिच्या घरी तिच्याच ताटात जेवून आले.

राहिले हेडमास्तर. त्यांच्या नव्या स्लाइडवरही काड्या तशाच होत्या. त्यांना वाटलं, मी मुद्दाम करते आहे. "मॅडम, पाणी राहू द्या. माही पेट्रोलनं धुवा," ते म्हणाले. रस्ता उघडल्यावर मशीननेही तेच सांगितलं. सुट्टी टाकून त्यांनी गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला आणि बरे झाले. योगासनांनी, असं त्यांचं मत आहे.

पाणी बदललं म्हणून सगळेच निरोगी निघत नाहीत. प्रत्येकाची स्लाइड वेगळी पाहावी लागते.