शेलूबाजारची गस्त आणि सुपडाची हजेरी

कारंज्याच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती मातीची. आमच्या साताऱ्याकडे काळी जमीन म्हणतात ती इथल्या मातीपुढे करडीच म्हणावी लागेल. मूर्तिजापुराहून निघालेली अरुंद रुळांची छोटी गाडी दोन तास त्या मातीतून सावकाश चालली होती. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली. एका शेताशी गाडीचा वेग आणखी कमी झाला, गार्डाने वाकून बांधावरच्या माणसाच्या हातात एक पत्र दिले आणि गाडी पुढे निघाली. डब्यातल्या कोणालाही त्याचे नवल वाटले नाही.

युरोपातली दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचा तो हिवाळा. मी छापखान्यात मुद्रिते तपासण्याचे काम करतो. डोळे फार दुखू लागले म्हणून डॉक्टरांनी पंधरा दिवस अक्षर पाहू नका असे बजावले होते. माझी थोरली बहीण शेलूबाजारला असते. तिचे यजमान दत्तोपंत तिथल्या शाळेचे हेडमास्तर. त्यांनी कारंज्याला दमणी (छपराची हलकी बैलगाडी) पाठवली होती. तीत बसून संध्याकाळी शेलूला पोचलो आणि अक्काने वाढलेली कळण्याची भाकर (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) व वांग्याचे भरीत खाऊन जो झोपलो तो दुसऱ्या दिवशी उन्हे अंगावर आल्यावर उठलो.

आठवडाभर मी नुसता हिंडलो. बाजाराच्या दिवशी बांगड्यांची, कापडाची, लोहाराची दुकाने पाहिली. वाचायचे नाही म्हटल्यावर माणूस ऐकू लागतो. मला ऐकायला सर्वांत जास्त मिळाले ते शेजारच्या महबूबखां जमादारांच्या ओट्यावर. पन्नाशीचे, उंच, गुडघ्यात थोडे वाकलेले गृहस्थ. गावच्या चौकीवर ते आणि दोन शिपाई. महिन्यातून काही रात्री ते एकटेच तट्टावर बसून आसपासच्या पाच गावांची गस्त करीत. रात्रभर तुम्ही करता तरी काय, असे मी दोनतीनदा विचारले. शेवटी ते म्हणाले, "पावने, सांगून काय समजन. पाहाचं आसन तं चाला संगं. पन झोप येऊन राह्यली म्हनसान तं मधातून वापस आनता येनार नाई."

अक्काला ते मुळीच पसंत नव्हते. दत्तोपंतांनी मात्र आपली लोकरीची बंडी आणि कानटोपी काढून दिली. परवा मी परत निघणार होतो, म्हणजे हीच एक संधी होती.

जेवणे झाल्यावर आम्ही निघालो. जमादारांचे तट्टू पांढरे, माझ्यासाठी कुंभाराचे मागून आणलेले तपकिरी. जमादारांच्या खोगिराला कंदील, खांद्याला चामड्याची पिशवी. तीत शाईची दौत, टाक आणि एक जाड पुस्तक. गस्त म्हणजे चोरामागे धावणे अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पहिल्या दोन गावांत आम्ही लोकांना झोपेतून उठवले, एवढेच केले. कोतवालाला हाक मारायची, गावात परका कोण उतरला आहे ते विचारायचे, पाटलाच्या दारात टांगलेल्या वहीत सही करायची आणि पुढे निघायचे. एका गावात कुत्र्यांनी आम्हाला वेशीपर्यंत पोचवले. दुसऱ्या गावाबाहेर एक शेतकरी वेचलेल्या कपाशीच्या ढिगाशी जागलीला (रात्रीच्या राखणीला) बसला होता. त्याने आम्हाला शेकोटीजवळ बसवून गरम हुरडा चोळून दिला आणि साताऱ्याकडे कपाशी होत नाही तर लोक काय करतात, असे मला काळजीने विचारले.

वाटेत जमादारांनी सांगितले की, गस्तीचे खरे काम शेवटी आहे. अडाण नदीला मिळणाऱ्या एका नाल्यापलीकडे पारध्यांचा बेडा (वस्ती) होता. सरकारी कायद्याने त्या जमातीच्या पुरुषांची नावे पोलिसांच्या पुस्तकात चढवलेली. गुन्हा केलेला असो वा नसो, रात्री वस्ती सोडायची नाही आणि जमादार येईल तेव्हा उभे राहून हजेरी द्यायची. दोनदा गैरहजर सापडला की तुरुंग. मी विचारले की, एखाद्याला रात्री काही काम निघाले तर? जमादारांनी खांद्यावरची पिशवी सावरली. मग म्हणाले की काम निघतेच, पण पुस्तकात कामाचा रकाना नाही.

नाल्याच्या थोडे अलीकडे दूर शेतात एक उजेड हलताना दिसला. मला एका बाभळीखाली थांबायला सांगून जमादार तो पाहायला गेले. मी थांबलो असतो, पण माझ्या तट्टाला पाण्याचा वास लागला. मी लगाम ओढतो आहे तोवर ते उतारावरून खाली निघाले. इतक्यात समोरच्या कपाशीतून रानडुकरांचा कळप धडधडत बाहेर पडला. तट्टू उधळले. मी नाल्याच्या वाळूत आणि तट्टू दिसेनासे. उठायला गेलो तो उजव्या पायाने नकार दिला. घोटा बघता बघता सुजला.

हाका मारल्या. उत्तर आले नाही. नाला खोल होता, आवाज वर जात नसावा. किती वेळ गेला सांगता येत नाही. गारठ्याने दात वाजू लागले. मग वरच्या अंगाला वाळूवर पावले वाजली आणि एक माणूस अंधारातून आला. उघडा, कमरेला फडके, खांद्यावर काहीतरी गुंडाळी. तो थबकला.

"काहून बसले अठी?" त्याने विचारले.

मी घडले ते सांगितले. जमादारांचे नाव निघताच तो दचकला. त्याने मान वर करून आभाळाकडे पाहिले. तिकांडे (मृगाचे नक्षत्र) माथ्यावर यायला थोडेच उरले होते.

"मले हजेरीले पोचाचं हाय," तो म्हणाला. "जमादार येऊन राह्यला आसन."

आणि तो चालू लागला. दहापंधरा पावले गेला असेल. तो उभा राहिला. परत वर पाहिले. मग मागे येऊन माझ्यासमोर पाठ करून बसला आणि गळ्याला हात घाला म्हणाला.

त्याचे नाव सुपडा. चढावर तो मला पाठीवर घेई, सपाटीला खांद्याचा आधार देऊन चालवी. गुंडाळीत तितर धरायचे फासे होते, घोड्याच्या केसांचे वळलेले. संध्याकाळी मांडलेले ते काढून आणायला तो अंधार पडल्यावर गेला होता आणि तिकांडे माथ्यावर यायच्या आत परत पोचायचा त्याचा नेहमीचा हिशेब होता. एकटा असता तर पोचलाही असता. गेल्या उन्हाळ्यात एकदा त्याच्या नावापुढे गैरहजर लागले होते, हेही त्याने चालता चालता सांगितले. माझ्यामुळे तो वाटेत चारदा थांबला.

बेड्याशी आलो तेव्हा सगळी वस्ती जागी होती. कंदिलाच्या उजेडात पुरुष रांगेत उभे आणि जमादार उघड्या पुस्तकापाशी. मागे काय झाले होते ते नंतर कळले. उजेड पाहून परतलेल्या जमादारांना बाभळीखाली मी दिसलो नाही, रिकामे तट्टू मात्र भेटले. त्यांनी तासभर मला शोधले. नाल्याच्या काठाने दोनदा हाका मारीत गेले, पण खालच्या अंगाला. शेवटी माग काढायला पारधीच हवेत म्हणून ते बेड्यावर आले. आधी हजेरी घेतली तो सुपडा नाही. पाहुणा नाहीसा आणि पारधीही नाहीसा. दोन्ही गोष्टी जोडायला कोणाला वेळ लागेल? त्यांनी सुपडाच्या भावाला बाजूला बसवले होते. सुपडाची बायको खोपीच्या दाराशी उभी होती. तिच्या तोंडाकडे माझ्याने पाहवले नाही.

मला सुपडाच्या पाठीवर पाहून जमादार एकदम खाली बसले. दोन्ही हात तोंडावर फिरवून त्यांनी देवाचे नाव घेतले. मग सगळी हकीकत ऐकली. ऐकताना ते पुस्तकाकडेच पाहत होते. सुपडाच्या नावापुढे गैरहजर लिहून झाले होते. शाई वाळली होती.

मी म्हणालो की, ते खोडून टाका. ते म्हणाले की, खोडलेल्या शब्दाला जबाब द्यावा लागतो आणि त्याचा त्रास पुन्हा सुपडालाच होतो. त्याखाली त्यांनी दोन ओळी लिहिल्या आणि मला सही करायला सांगितले. मग कंदील उचलून हळू आवाजात म्हणाले, "कागद फौजदारसाहेब वाचतीन, नाई बी वाचतीन. तुमी सोता उभे राह्यले तं आयकतीन."

म्हणून माझे परवाचे निघणे राहिले. पाय बांधून दमणीतून तालुक्याच्या ठाण्यावर गेलो, तर फौजदार दौऱ्यावर. दोन दिवस वाट पाहावी लागली. छापखान्याची रजा संपत होती आणि तार केली तरी मालक रागावणार हे दिसत होते. सुपडाला ठाण्याच्या ओसरीवर बसवून ठेवले होते. मी सकाळी जाऊन त्याच्याजवळ बसत असे. अक्काने दिलेले रोडगे (गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे) आम्ही दोघांनी खाल्ले. तितराची शीळ कशी घालायची ते त्याने मला दाखवले. मला ती जमली नाही. फौजदाराला काय सांगू, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "पायलं ते सांगा. झूट बोलान तं तुमाले याद राहनार नाई."

फौजदार तिसऱ्या दिवशी आले. तरुण, नीटनेटके, घाईत असलेले. माझे म्हणणे त्यांनी शांतपणे ऐकले आणि अगदी सरळ प्रश्न विचारला: हा माणूस त्या वेळी नाल्यात काय करीत होता?

या प्रश्नाचे मी दोन दिवस उत्तर जुळवले होते. माझी हाक ऐकून वस्तीतून धावत आला, असे सांगितले असते तर सगळेच मिटले असते. पण ओसरीवर सुपडाने म्हटलेले कानात होते. मी फाशांचे सांगितले. मग घाईघाईने म्हणालो, "पण तो वेळेत पोचला असता. हजेरीला जायचंय म्हणून मला सोडून निघाला होता. दहापंधरा पावलांवरून परत आला."

फौजदारांनी पुस्तक बराच वेळ समोर धरले. शेवटी गैरहजेरी रद्द, असा शेरा मारून सही केली. आणि दुसऱ्या कागदावर, वस्तीबाहेर नेलेले फासे जप्त, असे लिहिले. पुस्तक घेऊन आलेल्या जमादारांनी ते फासे मोजून घेतले.

बाहेर आल्यावर मी सुपडाची माफी मागितली. तो माझ्याकडे नवलाने पाहू लागला. फासे पुन्हा वळीन म्हणाला, पण तितराचा हंगाम तोवर सरेल हेही त्याने लपवले नाही. मग माझ्या पायावर ओला पाला कसा बांधायचा ते दमणीवाल्याला समजावून सांगितले आणि रस्ता सोडून शेतातून तो बेड्याकडे चालू लागला. वळून पाहिले नाही.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून राहिलो. साताऱ्याला पोचल्यावर मालक रागावले, मग निवळले. आता पाय पूर्ण बरा आहे. मित्रमंडळी जमली की गस्तीची गोष्ट विचारतात आणि मी ती सांगतो, जशी इथे लिहिली तशीच. फक्त एक भाग मी फौजदारांना, जमादारांना, अक्कालाही सांगितला नाही.

नाल्यात पावले वाजली आणि तो उघडा माणूस दिसला, तेव्हा तो जवळ यायच्या आत मी बोटातली सोन्याची अंगठी काढून वाळूत पुरली होती. तो परत येऊन माझ्यासमोर पाठ करून बसला, तेव्हा जरा थांब, माझी अंगठी इथे आहे, असे म्हणायला माझी जीभ उचलेना. ती तिथेच राहिली. लग्नातली अंगठी होती. कुठे गेली म्हणून घरात विचारले तेव्हा मी पडताना गळाली असेल म्हणालो. तेवढे खोटे मला अजून नीट लक्षात ठेवावे लागते.