नऊ दिवस न गोठलेलं यंत्र

काकूंना सगळं ऑफिस काकूच म्हणायचं. वय एकावन्न, आणि स्वभाव असा की यंत्र सुरळीत चाललं तरी यांची झोप उडायची. दवाखान्यात पेशंटच्या उशाशी मॉनिटर असतो ना, नाडी अन् ऑक्सिजन दाखवणारा, त्याच्या आतली सिस्टिम सांभाळणं हे त्यांचं काम. नवं मॉडेल दिवसातून एकदा तरी गोठायचं. आणि गोठायचं तरी कसं मेलं! पडदा काळा नाही, भोंगा नाही; ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव तो अठ्ठ्याण्णवच, मग पेशंटचं काही का होईना.

त्यांनी आपल्या संगणकाची केबल जोडून यंत्राला आतलं प्रत्येक पाऊल लिहून पाठवायला लावलं. झालं! नऊ दिवस गोठायचं नाव नाही.

"बरं झालं की हो! करा सही, माल आज जायचाय," साहेब म्हणाले.

"बरं कसं झालं? आपण केलं काय?"

केलं काय होतं? फक्त लिहायला लावलं होतं. काकूंच्या लक्षात आलं. लिहिण्यात वेळ जात होता, यंत्र मंदावत होतं, म्हणून आतल्या कामांची टक्कर टळत होती!

त्यांनी केबल उपटली. शेवटची काही पावलं तेवढी मेमरीच्या एका कोपऱ्यात उरतील अशी सोय केली, आणि पडद्याकडे बघत बसल्या. पंचविसाव्या मिनिटाला पडद्यावरचं घड्याळ थांबलं. काकूंनी यंत्राला जोडलेल्या कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबलं; आत जरा जरी धुगधुगी असेल तर त्याचा दिवा लागतो. दिवा लागेना. म्हणजे मुळापासून गोठलं होतं.

साहेबांचा हात सवयीने स्विचकडे गेला. बंद करून चालू करायचं, ही ऑफिसची जुनी खोड.

"खबरदार! वीज गेली की पुरावा गेला!"

काकूंनी टाचणीने मागचं बारीक रिसेट दाबलं. वीज टिकली, मेमरीही टिकली. त्यात उरलेली पावलं वाचली तर यंत्रातली दोन कामं एकमेकांची वाट बघत अडकलेली. नाडी मोजणारं आपल्या हातातली माहिती सोडेना, पडदा रंगवणारं आपल्या हातातली सोडेना.

"सापडलं ना? मग आता काळजी कसली?"

"साहेब, पडद्याचा भाग मी चार वर्षांपूर्वी लिहिलाय. जुन्या मॉडेलमध्येही तोच आहे."

"तशी यंत्रं किती गेलीयत?"

"तीनशे."

साहेबांनी सहीचा कागद बाजूला सारला. काकूंनी गिऱ्हाइकांच्या यादीतल्या पहिल्या दवाखान्याला फोन लावला. "सिस्टर, आधी पेशंटकडे बघा. पडद्याकडे नको, पेशंटकडे. मी फोन धरून आहे."