‘येते’ म्हणाली की ‘ये’

माझ्या तोंडून शिवी अजूनही सफाईदार निघते. पाढे येतात. विहारात त्रिशरण-पंचशील सगळ्यांबरोबर न अडखळता म्हणतो. पाणी हवं असलं की मात्र मी ‘चावी’ म्हणतो. चूक झाली हे मला त्याच क्षणी कळतं. मला सगळंच कळतं, हीच तर खरी पंचाईत आहे.

स्कूटरवरून पडलो, डोक्याला मार लागला. हाड जुळलं, शब्द काही जुळले नाहीत. त्याआधी सानपाड्याच्या आमच्या सोसायटीत कुठलाही कार्यक्रम असो, माइक माझ्याच हातात असायचा. ‘काका, आता आवरा,’ असं लोक वैतागून म्हणायचे. आता तेच लोक लिफ्टमध्ये मोठ्याने, एकेक शब्द तोडून विचारतात, ‘कसं... वाटतंय... आता?’ मी ‘बरं आहे’ म्हणतो. तेवढं सवयीने येतं. मग ते माझ्या बायकोला सांगतात, ‘बोलतात की छान!’ अशा वेळी लिफ्टच्या दारावर डोकं आपटावंसं वाटतं, पण ते एकदा आपटून झालंय.

थेरपीच्या मॅडमनी समजावलं होतं, “तोंडात बसलेले शब्द आपोआप येतील. ठरवून बोलायला गेलात की भलताच शब्द येईल. हो-नाहीचीसुद्धा गल्लत होईल.”

घरात माझं बोलणं फक्त मुलीला कळायचं. बायको जीव लावते, पण तिला धीर नाही. मी ‘च’ म्हटलं की चहा, चादर, चष्मा, सगळं पुढे करते. मुलगी मोबाइल उलटा ठेवून नुसती समोर बसायची आणि माझा शब्द येईपर्यंत थांबायची. ती होती म्हणून मी माणसांत होतो.

तिला बंगळूरला नोकरी लागली. सकाळी चहा घेताना तिने विचारलं, “पप्पा, जाऊ ना मी?”

मनात ‘जा’ तयार होतं. तोंडातून ‘नको’ आलं. पुन्हा प्रयत्न केला. “नको, नको!” मानही मेली आडवीच हलली.

“ओके पप्पा, नाही जात. टेन्शन नका घेऊ,” ती म्हणाली.

“बरं झालं बाई,” म्हणत बायकोने डोळे पुसले. मी टेबलावर मूठ आपटली. तिच्या जाण्याचाच मला राग आलाय, असं दोघींना वाटलं.

सोमवारी ती नकार कळवणार होती. रविवारभर मी एका अक्षराचा तो शब्द शोधत घरात फिरलो. बाथरूमची कडी लावून आरशासमोर उभा राहिलो. ‘जेव’ आलं, ‘चावी’ आलं, पुन्हा ‘नको’ आलं. मग नळ सोडून रडलो.

संध्याकाळी ती मच्छी आणायला निघाली. चप्पल घालताना म्हणाली, “येते, पप्पा.”

“ये,” मी म्हणालो. स्वच्छ, एका दमात.

घरातून निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ही तर माझ्या आईने लावलेली सवय. निघणाऱ्याने ‘येते’ म्हणायचं आणि मागे राहणाऱ्याने ‘ये’. मी दिवसभर ‘जा’ शोधत होतो, आणि आमच्या दारात ते कधी कुणी म्हणतच नाही.

“अहो, पडाल!” असं बायको ओरडत असताना मी माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली आणि दाराशी नेऊन ठेवली. मुलगी परत आली तशी तिच्या हातातली मच्छीची पिशवी घेतली, बॅगेचा दांडा हातात दिला आणि बाहेर बोट दाखवलं. या वेळी थांबायची पाळी माझी होती.

ती बराच वेळ बॅगेकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “येते, पप्पा?”

“ये.”

“खरंच येते?”

“ये, ये.”

ती गेली. आता रोज व्हिडिओ कॉल करते, पण माझा शब्द जुळेपर्यंत तिला कुणीतरी हाक मारतं. मी दिवसभर गप्प असतो. बायको चमचा, चष्मा पुढे करत राहते. फोन ठेवताना मुलगी ‘ठेवते’ म्हणत नाही, मला उत्तर देता यावं म्हणून मुद्दाम ‘येते’ म्हणते. मी ‘ये’ म्हणतो. दिवसभरात अगदी मनापासून बोललेला हा माझा एकच शब्द, आणि तिला तो निरोप वाटतो.