लीलाताईंच्या फोनवरचा आवाज

आधीच सांगतो मंडळी, मी मशीनवरचा माणूस आहे. नोकरीसाठी भुसावळकडून इकडे मध्य प्रदेशात आलो आणि पेपर मिलमध्ये आयुष्य काढलं. कुठून वेगळा आवाज आला की बेअरिंग बघायचं, ग्रीस बघायचं. भूतबीत, आत्माबित्मा... लोक सांगायला लागले की मी उठून चहा ठेवायला जायचो. आता माझ्या बाबतीत घडलंय तर कुणाला सांगावं कळेना. मुलगी नाशिकला. तिला सांगितलं तर म्हणाली, "बाबा, तुम्ही एकटे राहू नका तिकडे." म्हणून इथे लिहितोय.

रिटायर झाल्यावर मी आणि बायको बहादरपुरात राहायला आलो. ती पुढे आजारपणात गेली. घरात दिवसभर बोलायला कोणी नाही. त्याच सुमारास आमच्या भागातल्या गावांनी मिळून एक सेकंडहँड व्हॅन घेतली. बस मेन रोडवरून जाते, आतल्या मळ्यांमधल्या म्हाताऱ्या माणसांनी फाट्यापर्यंत यायचं कसं? डायलिसिसवाले, डोळ्यांच्या ऑपरेशनवाले, दिवस भरलेल्या बाया... सगळ्यांसाठी ही गाडी. फोन करायचा, गाडी दारात येते, बुऱ्हानपूरला नेते, परत आणून सोडते. नाव काही ठेवलं नाही. सगळे 'आपली गाडी' म्हणतात. मला ड्रायव्हिंग येत होतं आणि वेळच वेळ होता. मी म्हटलं, मी चालवतो.

लीलाताई आणि त्यांचे यजमान आप्पा माझे नेहमीचे. शाहपूर रोडवरून आत वळलं की केळीच्या बागांमधून कच्चा रस्ता जातो, त्याच्या टोकाला त्यांचं घर. आजूबाजूला दुसरं घर नाही. मुलगा सुरतला. आप्पांना तीन वर्षांपूर्वी लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. एक शब्द नाही. नुसतं "अं... अं". मी त्यांना दर आठवड्याला व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचो. एवढ्या फेऱ्या झाल्या, पण त्यांचा आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. हे लक्षात ठेवा.

तर मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी जेवून मी अंगणात गाडी धूत होतो. त्यांचा दवाखान्याचा वार नव्हता. फोन वाजला — 'लीलाताई मळा'. उचलला, तर पलीकडे पुरुषाचा आवाज. आधी खाकरला. मग सावकाश म्हणाला,

"भाऊ... मास्तरीण पडली. जल्दी गाडी आण."

"कोण बोलतंय?" मी विचारलं.

"गाडी आण," एवढंच. आणि फोन कट.

मला वाटलं, मुलगा आला असेल सुरतहून, नाहीतर शेतावरचा कोणी मजूर. 'मास्तरीण' कोण ते काही कळलं नाही, पण नंबर लीलाताईंचा होता. हात न पुसताच निघालो. जाताना दोनदा परत फोन लावला. दोन्ही वेळा 'स्विच ऑफ'.

पोचलो तर दार उघडं. हाक मारली, "ताई! अहो ताई!" आत गेलो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात लीलाताई आडव्या पडलेल्या. अंग घामाने भिजलेलं, डोळे अर्धवट उघडे, ओळख नाही. बाहेरच्या खोलीत खाटेवर आप्पा. खाटेवरून उतरायचा प्रयत्न केला असावा, अर्धे खाली लोंबत होते. मला बघितल्यावर डाव्या हाताने त्यांनी माझं मनगट जे धरलं...

तिसरं माणूस नाही. मी मागे परसात जाऊन बघितलं, गोठ्यात बघितलं, बागेकडे तोंड करून ओरडलो. "कोणी हाये का?" नुसती केळीची पानं वाजत होती.

विचार करायला वेळ नव्हता. लीलाताईंना उचलून मागच्या सीटवर झोपवलं. आप्पांना सोडून कसं जायचं? त्यांनाही उचललं आणि पुढच्या सीटवर बेल्ट लावून बसवलं. माणूस पार वाळून गेला होता, लहान मुलासारखा हलका. रस्ताभर त्यांनी चांगला हात मागे वळवून ताईंच्या पदराचं टोक धरून ठेवलं होतं. सोडलंच नाही.

डॉक्टर म्हणाले, शुगर एकदम खाली गेली होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर हाती लागल्या नसत्या. संध्याकाळपर्यंत त्या बोलायला लागल्या.

बाहेर बाकावर आप्पांना चहा पाजत होतो. विचारलं, "आप्पा, मला फोन कोणी केला?"

ते बघत राहिले.

"घरी कोणी आलं होतं का?"

मान हलवली. नाही.

पुढचा प्रश्न विचारायची मलाच लाज वाटत होती. तरी विचारला. "तुम्ही केला?"

त्यांनी तोंड उघडलं, ओठ हलवले. "अं..." आणि रडायला लागले. मी परत विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताईंचे कपडे आणायला मी मळ्यावर गेलो. त्यांचा फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर चार्जिंगला लावलेला. बंद. घरात लाईट नव्हती. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "तो तर आदल्या रात्रीच बंद पडला. सकाळपासून लाईट नाही, आली की होईल चार्ज म्हणून लावून ठेवला मी." आता बघा — आप्पा खाटेवरून उठू शकत नाहीत, फळी माझ्या डोक्याएवढी उंच, फोनमध्ये जीव नाही. आणि माझ्या मोबाईलमध्ये त्याच नंबरचा इनकमिंग कॉल आहे. आजही आहे.

सुरतहून मुलगा आला. तो म्हणाला, "काका, किसी मजदूर ने किया होगा. घाबरून पळाला असेल." मी 'हो' म्हटलं. मलाही तेच बरं वाटत होतं.

मग ताईंना घरी सोडायला गेलो तेव्हा त्यांनीच विषय काढला. "भाऊ, फोनवर नेमकं काय म्हणाला तो माणूस?"

मी सांगितलं. आधी खाकरला, मग म्हणाला, मास्तरीण पडली.

ताई माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "काय पडली?"

"मास्तरीण."

मग त्यांनी सांगितलं, लग्न झालं तेव्हा आप्पांना सही करता येत नव्हती. ताई शाळेत गेलेल्या, त्यांनीच रात्री बसून शिकवली. तेव्हापासून आप्पा त्यांना मास्तरीण म्हणायचे. पण फक्त दोघंच असताना. पोरांसमोर नाही, सुनेसमोर तर नाहीच. "पोराला पण माहीत नाही," त्या म्हणाल्या. "आणि असं खाकरून बोलायचे ते. नेहमी."

मला वाटलं, त्या घाबरतील नाहीतर हात जोडतील. तसं काही झालं नाही.

"रेकॉर्डिंग होतं ना मोबाईलमध्ये?" त्यांनी विचारलं.

"नाही ताई. ते मी कधी चालू केलंच नाही."

"दोन वर्षं झाली भाऊ... मी रोज बोलते त्यांच्याशी. भाजीत मीठ बरोबर आहे का विचारते, जबाब पण माझा मीच देते. आणि ते बोलले तर तुमच्याशी बोलले."



एका डॉक्टरला सहज विचारलं होतं मी. ते म्हणाले, लकव्याच्या पेशंटच्या तोंडून घाबरल्यावर कधी कधी एखादा शब्द निघतो. ठीक आहे, मानलं. पण बंद फोनचं काय? त्याच्यावर ते हसले आणि पुढचा पेशंट बोलावला. मिलमधला जुना दोस्त म्हणतो, नेटवर्कची गडबड. कसली गडबड, ते त्यालाही सांगता येत नाही. मी स्वतःच कितीदा सगळं उलटंसुलटं करून बघितलं. माझ्या बायकोचा नंबर अजून सेव्ह आहे माझ्याकडे. एका दुपारी लावूनही बघितला. "यह नंबर सेवा में नहीं है." बस.

आप्पा अजून बोलत नाहीत. आमच्या फेऱ्या चालू आहेत. येताना आप्पा मागच्या सीटवर झोपतात, ताई पुढे बसतात. केळीच्या बागा सुरू झाल्या की हळूच म्हणतात, "भाऊ, परत एकदा सांगा ना, कसे म्हणाले ते." मी खाकरतो आणि म्हणतो, "मास्तरीण पडली. जल्दी गाडी आण." त्या डोळे मिटून ऐकतात.

एक गोष्ट मी त्यांना सांगितलेली नाही. इतक्या वेळा म्हणून म्हणून तो फोनवरचा आवाज आता मला आठवत नाही. म्हणताना माझाच ऐकू येतो.