सेट चांगला होता

काश्मीरला पोस्टिंग होती तेव्हाची गोष्ट. मी उमरी तालुक्यातला, दहावी पास, पलटणीत रेडिओ ऑपरेटर, पाठीवर वायरलेसचा सेट. आमच्या सेक्शनचं काम एकच. सकाळी सहाला रस्त्यानं पायी निघायचं, सुरुंग शोधायचे, मग मागून गाड्या सोडायच्या. सगळ्यात पुढं एक जण डिटेक्टर घेऊन.

साडेपाचला मी गुडघे टेकून प्रार्थना करायचो. आमच्या घरात ख्रिस्ताची भक्ती आज्यापासून. पण माझी प्रार्थना म्हणजे देवाला हुकूम असायचा. मला पुढं पाठवू नको. मला जिता घरी ने.

लान्स नायक शिवलिंग शिरूर अनंतपाळचा. लिंगायत वाण्याच्या घरचा. मला फादर म्हणायचा.

"काय फादर, वरचा सेट लागला का?"

"लागला."

"मग आमचंबी नाव सांगा की. फुकट हाय न्हवं?"

त्या सकाळी डिटेक्टरवाला तापानं पडला. हवालदारांनी विचारलं, "आज पुढं कोण?" डिटेक्टर मलाही चालवता येत होता. त्यांची नजर माझ्याकडं वळली. मी मान खाली घातली आणि सेटची बटणं फिरवायला लागलो.

"सेट बिघडलाय, साहेब. बघायलोय."

शिवलिंग म्हणाला, "मी जातो. फादरला त्याचं काम करू द्या."

सेट चांगला होता.

सात चाळीसला स्फोट झाला. शिवलिंग तीस पावलांवर पडला. हाका मारत होता. त्याच सेटवर मी रिपोर्ट दिला.

"वन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"कोई नहीं हिलेगा. इंजिनियर पार्टी आ रही है. ओव्हर."

"रॉजर."

तो हुकूम ऐकून मला बरं वाटलं. खरं ते लिहितो. आठ वीसला पार्टी आली. तोवर हाका थांबल्या होत्या.

पेन्शनीत आलो, चाकूरला घर केलं. प्रार्थना रोज चालू होती. प्रभूच्या प्रार्थनेत, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, अशी ओळ येते. ती मी गिळायचो. वाटायचं, म्हटली की देव म्हणंल, बरं, आता तुझी पाळी. बायको मार्था शेजारी बसायची. मी ओळ गिळतो हे तिला ठाऊक होतं. बोलली कधी नाही.

गेल्या वर्षी ती लातूरला दवाखान्यात होती. डॉक्टरांनी आशा सोडली. त्या दुपारी ती म्हणाली, "अहो, आज ती ओळ म्हणा."

"म्हटली आन् तुला नेलं तर?"

"न म्हणता ठेवणार हाय का? लई मोठे साहेब झालात. देवालाच हुकूम सोडायलात."

खाटेजवळ गुडघे टेकून म्हटली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

लोक म्हणतात, शरण गेलं की शांती मिळते. मला मिळाली नाही. भीतीच वाढली. पण ओळ सोडली नाही, रोज म्हणत गेलो. आणि ती म्हणून झाल्यावर सेटचं खोटं पोटात ठेवणं जमेना.

दीड महिन्यानं शिरूर अनंतपाळला गेलो. शिवलिंगची आई अजून आहे. खूप थकलीय. तिच्या दारात जेवढा भ्यालो तेवढा त्या रस्त्यावरही भ्यालो नव्हतो. तिच्यापुढं खाली बसलो आणि सगळं सांगितलं.

"सेट चांगला होता, आई. मी भ्यालो."

ती म्हणाली, "तोबी लई भित्रा. न्हानपणी आडाच्या काठाला जायचा न्हाई. खोल दिसतंय म्हणायचा."

"कधी बोलला न्हाई आम्हाला."

"तुम्हाला कशाला सांगंल?"

तिनं मला हाकलून दिलं नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही.

आता साडेपाचला गुडघे टेकतो. उठताना खाट धरावी लागते. लेक उदगीरला असते. तिचं नाव घेऊन ती ओळ म्हणताना घाम फुटतो. तरी म्हणतो. मग मार्थाचं नाव घेतो, मग शिवलिंगचं. त्या सकाळी त्यानं डिटेक्टरचा पट्टा बांधला, सोडला, परत बांधला. मला तेव्हा वाटलं, सैल असंल.