दोष गिअरचा

"नीरा, गाडीचा गिअर बोलतो," असं आमच्या ह्यांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "बरं झालं, घरात कुणीतरी बोलायला लागलं." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमटीत मीठ कमी आहे असं या माणसाने कधी तोंडाने म्हटलं नाही. वाटी जरा पुढे सरकवायची आणि गप्प बसायचं. असा माणूस नव्याकोऱ्या पिकअपच्या गिअरबद्दल सकाळ-संध्याकाळ बोलायला लागला, तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग राग यायला लागला.

हे म्हणजे संजीव दिघे. बडोद्यात दिघे म्हटलं की जुनी मराठी माणसं अजून विचारतात, "म्हणजे संस्थानातल्या दप्तरातले का?" हो, त्यातलेच. यांचे आजोबा दप्तरात, वडील शाळामास्तर, आणि हे मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात. सगळे खुर्चीवर बसून म्हातारे होणारे. कारखाना बंद पडला तेव्हा यांनी पन्नाशी ओलांडली होती. दुसरा कुणी असता तर ओळखीपाळखीने कुठेतरी चिकटला असता. यांनी पिकअप घेतली. पहाटे डभोईच्या बाजूला जायचं, शेतांवरून भाजी उचलायची, खंडेराव मार्केटला आणून उतरवायची. दुपारी कुणाला घर बदलायचं असलं तर त्यांचं सामान.

यांच्या आत्या, मोहनाआत्या, मुद्दाम घरी येऊन म्हणाल्या, "संजीव, दिघ्यांच्या घरात आजवर कुणी टेंपो हाकला नव्हता रे."

"म्हणूनच आत्या," हे म्हणाले. "कुणीतरी सुरुवात करायला हवी ने."

मी आत्यांच्या पानात श्रीखंड वाढलं, भरपूर वाढलं, म्हणजे पुढचं वाक्य यायला नको.

खरं सांगते, त्या गाडीने माझा नवरा मला नव्याने दाखवला. मार्केटमध्ये पोरंसुद्धा "दिघेकाका, केम छो?" करायची आणि हे खिडकीतून हात हलवायचे. हे! लग्नाच्या वरातीत मान वर न करणारे! एकदा दोरखंड गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मालाच्या पावत्या तपासल्या. आता मी नेतो तेव्हा माल जातो." दृष्ट लागायची, म्हणून मनातच मीठमोहऱ्या ओवाळल्या.

आणि सहा-सात महिन्यांत ही गिअरची कटकट सुरू झाली. दुसरा गिअर नीट बसत नाही. खर्र वाजतो. चढावर सुटून न्यूट्रलमध्ये येतो. यांचं जेवण कमी झालं. रात्री पाठ टेकली की म्हणायचे, "प्रतापनगरच्या पुलावर भरल्या गाडीचा गिअर सुटला आणि मागे एखादी शाळेची व्हॅन असली तर?"

"ब्रेक नाहीत का गाडीला?"

"ब्रेक आहेत गं. पण भरवसा राहिला नाही. गिअर नीट झाला नाही तर मी गाडी देऊन टाकणार. माझ्या हातून कुणाला काही व्हायला नको."

हे बोलतात कमी, पण बोललेलं करतात. गाडी गेली की हा माणूस परत वाटी पुढे सरकवत घरात बसणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून मी कंबर कसली आणि दुरुस्तीला ह्यांच्याबरोबर जायला लागले.

सर्व्हिस सेंटरला विक्रमसिंह नावाचा मोठा मेकॅनिक होता. चांगला उंचापुरा, बोलायला मऊ. पहिल्या वेळी त्याने ऑइल बदललं. दुसऱ्या वेळी कुठली तरी केबल ताणली. स्वतः गाडी फिरवून आणली की म्हणायचा, "माखण जेवी चाले छे." लोण्यासारखी चालते! आणि आमच्या ह्यांच्या हातात गेली की परत खर्र. तिसऱ्या वेळी तो ह्यांच्या शेजारी बसून डभोई रोडला चक्कर मारून आला. हे कागदावर सही करायला आत गेले, तसा तो माझ्या बाकड्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "बेन, गाडीमां कांई नथी. एक वार साहेबने बतावी दो."

"बतावीशच," मी म्हटलं. "दाखवल्याशिवाय सोडते की काय!"

त्याने हात जोडले आणि तो निघून गेला.

मला वाटलं, गाडीत काही नाही असंच म्हणणार तो, बिचारा नोकर माणूस, आपल्या तोंडाने कंपनीचा दोष कसा सांगणार? वरच्या साहेबाला दाखवा, असं सुचवतोय. झालं. मी ह्यांना घेऊन त्यांच्या मोठ्या साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन बसले. एकदा नाही, चांगली चार-पाचदा. गुजरातीत भांडले, हिंदीत भांडले, अगदीच संतापले तेव्हा मराठीत भांडले. "माझा नवरा खोटं बोलत नाही," मी म्हटलं. "मुळात तो बोलतच नाही. तो सांगतो गिअर सुटतो, म्हणजे सुटतो." शेजारी हे मान खाली घालून बसलेले. शेवटी साहेब मला कंटाळला. वर कुणाला तरी लिहून त्याने वॉरंटीत आख्खा गिअरबॉक्स नवा बसवून दिला. मी देवापुढे साखर ठेवली आणि आत्यांना मुद्दाम फोन करून कळवलं.

नव्या गिअरबॉक्सनंतर पहिल्या दिवशी हे घरी आले तेव्हा मी दारातच विचारलं, "काय म्हणतो गिअर?"

"ठीक."

दुसऱ्या दिवशीही ठीक. आठवडाभर ठीक. गिअरचं नाव घरातून गेलं. मी खूश. मेली अक्कल कुठे गहाण पडली होती कोण जाणे. ह्यांचं खाणं सुधारलं नव्हतं, झोप परत आली नव्हती, हे मला दिसत होतं आणि कळत नव्हतं.

मग एका पहाटे हे म्हणाले, "नीरा, आज तू चल माझ्याबरोबर."

"मी कशाला? वांगी मोजायला?"

"चल तर खरं."

जाताना गाडी रिकामी होती, काही वाटलं नाही. येताना मागे वांगी, दुधी आणि तुरीच्या शेंगांची पोती. उजाडलं होतं. प्रतापनगरच्या पुलाचा चढ लागला, ह्यांनी दुसरा टाकला, खर्र वाजलं आणि गिअर सुटला. गाडी हातभर मागे आली. ह्यांनी ब्रेक मारला. मागे स्कूटरवर एक बाई होती, पुढ्यात लहान मूल उभं केलेलं. ती ओरडली, "काका, जोईने!" बघून चालवा! तिच्यामागे हॉर्नचा कल्लोळ. ह्यांनी पहिला घालून गाडी हलवली, परत दुसऱ्यासाठी डावा हात पुढे केला, आणि तेव्हा मी तो हात पाहिला.

बोटं दांड्यावर नुसती पडली होती. दुसऱ्या कुणाची असावीत तशी. हे खांद्याने ढकलत होते. अख्ख्या खांद्याने, ओठ दाबून, आणि दांडा अर्ध्यावर अडत होता. माझा उजवा हात आपोआप त्यांच्या हातावर गेला आणि मी ढकललं. टक करून गिअर बसला. मी जन्मात गाडीच्या दाराशिवाय कशाला हात लावला नव्हता. माझ्या हाताने तो लोण्यासारखा बसला.

पूल संपेपर्यंत माझ्या डोक्यात एकेक गोष्ट उलगडत होती. आमच्याकडे पूजा हे करतात. उजव्या हातात निरांजन, डाव्या हातात घंटा. गेले कित्येक दिवस घंटा वाजत नव्हती. मी विचारलं होतं तर म्हणाले होते, "देवाला रोज उठून काय ठणाणा?" मी हसले होते. आणि विक्रमसिंहचं बोलणं! साहेबने बतावी दो. गाडी साहेबाला दाखवा, असं तो म्हणालाच नव्हता. तुमच्या साहेबांना, म्हणजे ह्यांनाच, डॉक्टरला दाखवा, म्हणत होता. शेजारी बसून त्याने तो हात पाहिला होता. परक्या बाईला याहून स्पष्ट तो बिचारा काय सांगणार? आणि मी झाशीच्या राणीच्या आवेशात जाऊन गिअरबॉक्स बदलून आणला.

पूल उतरल्यावर ह्यांनी गाडी कडेला घेतली.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"नवा बसवला आणि तोच आवाज आला, तेव्हा कळलं."

"मग ठीक ठीक काय म्हणत होतात माझ्यापाशी?"

"गाडीचा दोष असता तर बदलून मिळाला असता गं," ते म्हणाले.

मी रडले. भर रस्त्यात, तोंडाला पदर लावून, आजूबाजूला बसेस जात असताना मी मोठ्याने रडले. त्यांनी मला आणलं होतं ते गिअर ऐकायला नाही. स्वतःच्या तोंडाने सांगता येईना म्हणून आणलं होतं. त्या दिवशी मार्केटला भाजी उशिरा पोचली.

डॉक्टर निरुपमाबेन समजूतदार. तपासण्या झाल्यावर त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, की हाताकडे जाणाऱ्या नसा सुकत चालल्या आहेत आणि हा आजार मागे फिरत नाही. मी विचारलं, "चार महिने आधी आलो असतो तर?" त्या म्हणाल्या, "फरक पडला नसता." मला वाटत होतं त्यांनी मला फाडफाड बोलावं. त्यांनी नुसता औषधांचा कागद माझ्या हातात दिला. ह्यांनी एकच विचारलं, "उजवा?"

"तोही जाईल पुढेमागे. कधी, ते कुणालाच सांगता येत नाही."

त्या दिवसापासून हे गाडीच्या चाकामागे बसले नाहीत. मी म्हटलं ना, बोललेलं करतात. गाडी घराबाहेर धूळ खात उभी राहिली. हे खिडकीत बसायचे आणि तिच्याकडे पाठ करायचे. एका गिऱ्हाइकाला गाडी दाखवायचं ठरलं, त्या सकाळी मी म्हटलं, "कुणाला बोलवू नका. मी शिकते."

"तू?"

"का? आत्यांनाही बोलायला काहीतरी नवीन हवंच आहे."

शिकले. क्लासवाल्याचा घाम काढला, पण शिकले, लायसन्सही काढलं. स्टिअरिंग मला जमलं, पाय जमले. गिअरशी मात्र हाडवैर. तिसरा म्हणून पहिला टाकायची, पाचवा शोधत बसायची. पहिल्यांदा दोघे मिळून डभोईला निघालो तेव्हा मी गाडी चौकातच बंद पाडली. मागचे लोक माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. हे डावीकडच्या सीटवर बसले होते. त्यांनी खाली पाहिलं. गिअरचा दांडा आता त्यांच्या उजव्या हाताशी होता.

"तू क्लच दाब," ते म्हणाले. "गिअर माझ्याकडे."

तेव्हापासून आम्ही तशी गाडी चालवली. गाडीचा आवाज ऐकून हे म्हणायचे "हं", मी क्लच दाबायची, ते गिअर टाकायचे. पुढे पुढे "हं" म्हणायचीही गरज पडेना. मार्केटमध्ये आम्हाला डबल ड्रायव्हर म्हणायला लागले. हे परत खिडकीतून हात हलवायला लागले, जेवायला लागले. आमचा संसार इतका एकमताने आधी कधीच चालला नव्हता, हे मी देवाशप्पथ सांगते. भांडण झालं तरी माझा पाय आणि त्यांचा हात मात्र भांडायचा नाही.

परवा पहाटे येताना गाडी भरलेली होती. पुलाचा चढ आला. मी क्लच दाबला, ह्यांनी दुसरा टाकला, आणि खर्र झालं.

ह्यांचा हात दांड्यावरच थांबला. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मी समोर रस्त्याकडे पाहिलं, कारण त्यांच्याकडे पाहिलं असतं तर माझा बांध फुटला असता. जन्मभर मी माझी चूक कबूल केलेली नाही. सासरी नाही, माहेरी नाही. पण मी म्हटलं, "अहो, माझंच चुकलं. क्लच अर्धाच दाबला गेला."

त्यांनी दांडा न्यूट्रलला आणला. मग म्हणाले, "नीट दाबत जा, नीरा."

"हो. परत टाका."

त्यांनी परत टाकला. या वेळी बसला. आम्ही पूल चढून उतरलो.

क्लच मी दोन्ही वेळा तळापर्यंत दाबला होता. ते त्यांना कळलंच असणार. त्यांना गाडीचं सगळं ऐकू येतं.