गजकाकीचं माप

गजकाकी माणसाला आधी मारायची आणि मग नाव विचारायची. मला तिने पहिल्याच भेटीत मनगटावर हाणलं, कापड मोजायच्या लोखंडी गजाने. मी तिच्याकडे शिवणाचं काम मागायला गेले होते आणि ती आतून येईपर्यंत फळीवरच्या एका नव्या साडीची घडी उलगडून पदर बघत होते. असा सणसणीत फटका बसला की डोळ्यांत पाणी आलं. "घडी मोडलीस? जिची साडी तिनेच मोडायची, एवढं कळत नाय?" आणि मग, जसं काही झालंच नाही अशा आवाजात, "नाव काय गो तुझं? काजं करता येतात?" त्यानंतर चौदा वर्षं मी तिच्याकडे मशीन चालवली. मनगटावरची ती खूण अजून आहे.

रत्नागिरीत राम आळीच्या मागच्या बोळात तिचं दुकान होतं. पुढे कापड, मध्ये दोन मशिनी, मागे तिच्या राहायच्या दोन खोल्या. नवरा लवकर गेलेला, मूल नाही. उंच, हाडकुळी बाई, आवाज फाटका, आणि हातात कायम तो गज. खोटं कशाला बोलू, पहिलं वर्षभर मी रोज संध्याकाळी ठरवायचे की उद्यापासून यायचं नाही. तरी सकाळी जायचे. कारण त्या दुकानात जे चालायचं ते मी दुसरीकडे कुठे पाहिलं नव्हतं.

ज्याच्या अंगावर धड कपडा नाही त्याला काकी नवं कापड द्यायची. धुणंभांडी करणाऱ्या बाया, हमाल, आंब्याच्या बागेत राखणीला आलेला नेपाळी, कुणीही. पण द्यायची तऱ्हा तिची होती. आधी रंग विचारायची. "कुठला रंग?" "कुठला पण द्या काकी," असं कुणी म्हटलं की गज फळीवर आपटलाच. "कुठला पण रंग दुकानात नाय. बोल!" मग माप घ्यायचं, शिवायचं, कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावायचं, आणि त्या माणसाने तिथेच, आरशासमोर, स्वतःच्या हाताने घडी मोडून ते घालायचं. एक म्हातारा हमाल पहिल्यांदा मापाचा सदरा घालून आरशासमोर उभा राहिला आणि हुंदके द्यायला लागला, तर काकीने त्याच्या पाठीत रट्टा घातला. "रडतोस काय मेल्या, चुरगळेल तो!"

तिचा धाकटा दीर अण्णा रोज दुपारी येऊन पान खात दुकानात बसायचा. त्याला हे सगळं खुळचटपणाचं वाटायचं. "वहिनी, फुकटचंच द्यायचं ना? मग माप कशाला?" असं तो एकदा म्हणाला. काकी कापड कापत होती. तिने हातातली कात्री फेकली. ती अण्णाच्या कानाशेजारून गेली आणि दाराच्या चौकटीत रुतून बसली. "भावजी, तुमचा लेंगा माप घेऊन शिवते ना मी? तुम्ही तरी कधी पैसे दिलेत?" अण्णा पंधरा दिवस फिरकला नाही. सोळाव्या दिवशी आला, पण दाराजवळच्या स्टुलावर बसला.

हे कापड यायचं कुठून, तर गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांकडून. बायकोला, आईला साड्या घ्यायला माणूस आला की काकी साड्या बांधायची आणि वर तिसरी ठेवायची. "ही माझी." "तुमची म्हणजे काकी?" "जिला सणाला काय येत नाय तिची. घे, नायतर त्या दोन पण ठेव खाली." एकजण हसला. काकीने गज असा घातला की काचेच्या कपाटाला उभा तडा गेला. त्याने तिन्हींचे पैसे मोजले, तिसरी काकीकडेच सोडली, आणि पुढच्या वर्षी न सांगता स्वतःहून तिसरी काढून दिली. ह्याला काय म्हणायचं? माझ्या लेखी ही दरोडेखोरीच होती, आणि मी तिच्यात सामील होते.

जुने कपडे घेऊन कुणी दारात आलं की मात्र मला धडकी भरायची. एका बाईंनी पिशवीभर कपडे आणले, "धुऊन इस्त्री केलेत हो, अगदी नव्यासारखे," म्हणत. काकीने त्यातला एक ड्रेस उचलला, नाकाला लावला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत गळ्यापासून खालपर्यंत टराटरा फाडला. "आता पुसायला घ्या." बाई पिशवी उचलून बोळाबाहेर गेल्या. मला त्यांची दया आली होती, तेही सांगते. त्या काही वाईट हेतूने आल्या नव्हत्या.

चिपळूणला पूर आला तेव्हा आम्ही टेम्पो भरून नवं कापड आणि एक मशीन घेऊन गेलो. तिथे रस्त्याच्या कडेला, चिखलात, गावोगावचे जुने कपडे डोंगरासारखे ओतलेले. ज्यांचं घर वाहून गेलं त्या बाया त्यात हात घालून शोधत होत्या. एकीच्या हाती लग्नातला जरीचा कोट आला, आणि एक माणूस तिला म्हणाला, "तो धरून इकडे बघा, फोटो घेतो." काकीने आधी त्याचा मोबाइल उडवला, मग त्याला. मग टेम्पोतलं रॉकेल आणून ढिगावर ओतलं आणि काडी लावली. धूर झाला, आरडाओरडा झाला, कुणीतरी काकीच्याही मुस्काटात मारली. ओठ फुटला तिचा. तशीच शाळेच्या ओट्यावर बसली आणि पदराने रक्त पुसत मला म्हणाली, "सुमे, टेप काढ. पहिली कोण?"

परतताना मी विचारलं, काकी, एवढा राग कशाचा? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आई ज्यांच्याकडे भांडी घासायची त्यांच्या पोरीचा फ्रॉक मला दिलेला. मी तो घालून शाळेत गेले. तिने सगळ्या वर्गासमोर अंगावरून ओढून काढला. माझा आहे म्हणाली. खरंच होतं, तिचाच होता." मग म्हणाली, "मेल्यावर सगळ्यांनाच नवं मिळतं गो. जिवंतपणी मिळालं पाहिजे."

आणि मग रंजना आली. गाऊनवर टॉवेल टाकून, भुवई फुटलेली, कडेवर चार वर्षांची पोर. नवरा ट्रॉलरवर खलाशी. समुद्रावर असला की बरं, किनाऱ्यावर असला की दारू आणि मार. ही बाहेर कामाला जाते हे त्याला खपत नव्हतं. त्यावर त्याने उपाय काढलेला, घरातली विळी घेऊन तिच्या सगळ्या साड्या कापून टाकायचा. "गाऊनवर कोण कामावर ठेवेल काकी?" ती म्हणाली. एका कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये तिला काम मिळत होतं. धड नेसून गेली तरच.

मी माप घेतलं. दंडाला टेप लावली तर ती कळवळली. हातभर काळेनिळे वळ. मी म्हटलं, बाही कोपरापर्यंत घेऊया. काकी ओरडली, "आखूड घे! दिसू देत वळ. लाज त्याला वाटू दे." रंजनाने मोरपंखी रंग मागितला. साडी नेसली, आरशात बघितलं, घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या पायरीवर मोरपंखी चिंध्या पडलेल्या. काकीने चिंध्या गोळा केल्या आणि तसल्याच रंगाची दुसरी साडी काढली. तिच्याही चिंध्या झाल्या. तेव्हा तिसरी काढून काकी म्हणाली, "ही घरी न्यायचीच नाय. इथेच राहील."

तेव्हापासून रंजना रोज सकाळी गाऊनवर यायची, मागच्या खोलीत मोरपंखी साडी नेसायची आणि कामावर जायची. दुपारी परत यायची, साडी उतरवून घडी घालायची, गाऊन चढवायची आणि घरी. पाच महिने असं चाललं. तिची मान हळूहळू वर आली. काकी तिला चहा द्यायची आणि म्हणायची, "रंजे, एक दिवस तू ह्याच साडीत घरी जायचंस. नायतर घरीच जायचं नाय." रंजना कप विसळायला उठायची. तेवढं धाडस काही होत नव्हतं.

पुढे जे झालं ते माझ्यामुळे झालं. रंजनाच्या ब्लाउजचं कापड उरलं होतं. शिवणारी बाई उरलेला तुकडा कधी टाकत नाही, हात शिवशिवतात. मी त्या मोरपंखी तुकड्याचा तिच्या पोरीला फ्रॉक शिवला, खाली झालर लावून. पोर तो अंगावरून काढूच देईना, तशीच घालून घरी गेली. ज्या बापाने त्या रंगाच्या दोन साड्या फाडल्या त्याला तो रंग कळणार नाही का? त्याने विचारलं, कुणी दिला? पोर बिचारी खुशीत म्हणाली, "गजकाकीने. आईची साडी पण तिकडेच असते."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कोयता घेऊन आला. रंजना नुकतीच कामावरून आली होती, साडीतच होती. "घरात भिकारीण नि इथे नटून बसतेस काय गो?" म्हणत त्याने तिचा पदर मुठीत गुंडाळला आणि कोयता उचलला. साडीवर मारणार होता की मानेवर, देव जाणे. काकीने मध्ये गज घातला. कोयता गजावर आदळला, घसरला आणि काकीच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट घेऊन गेला. कात्री धरतात ती दोन बोटं. काकीने क्षणभर हाताकडे बघितलं, गज डाव्या हातात घेतला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. मग खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. तरी तो कोयता सोडेना, तेव्हा मी तापलेली इस्त्री उचलली आणि त्याच्या मनगटावर दाबून धरली. कातडी करपल्याचा वास आला. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

काकीच्या हाताला मी चादर गुंडाळत होते, रक्त थांबत नव्हतं, आणि ती रंजनावर ओरडत होती, "साडी बदलू नकोस! अशीच जा पोलिसांत!" रंजना गेली. भर बाजारातून, काकीच्या रक्ताने भिजलेल्या साडीत, ताठ मानेने चालत गेली आणि सगळं सांगून आली. त्या घरी ती पुन्हा गेली नाही. पोरीला घेऊन काकीच्या मागच्या खोलीत राहिली. नवऱ्याला पुढे शिक्षा झाली.

इस्पितळात मी काकीचे पाय धरले. माझ्या फ्रॉकमुळे झालं हो काकी. तिने डाव्या हाताने माझ्या टाळक्यात मारलं. "पोरीला नीट बसला होता ना फ्रॉक? मग रडतेस कशाला?"

काकीला परत कात्री धरता आली नाही. म्हणून तिने रंजनाला कापायला शिकवलं, डाव्या हातातल्या गजाने तिच्या पेरांवर मारत मारत. रंजना चांगली कटर झाली, माझ्याहून चांगली. काकी तिच्या शेजारी बसून उरलेल्या तीन बोटांनी कापड ताणून धरायची.

गेल्या श्रावणात एका सकाळी काकी उठलीच नाही. बातमी बोळाबाहेर पोहोचायच्या आत बाया जमल्या. प्रत्येकीच्या हातात साडी, मयताच्या अंगावर घालायला आपल्याकडे आणतात तशी. काकीने मला कितीदा बजावलेलं, "माझ्यावर साड्या टाकाल तर उठून बसेन." मी गज उचलला आणि दारात उभी राहिले. "अंगावर टाकायची नाही. फळीवर ठेवा, घडी न मोडता." बाया गोंधळल्या, एकदोघी चिडल्या, पण ठेवायला लागल्या.

अण्णा पांढरं लुगडं घेऊन आला. रंजना त्याला म्हणाली, "पांढरं नको. काकी सगळ्यांना रंग विचारायच्या." आणि मी तिथेच खचले. चौदा वर्षं! हजार माणसांना रंग विचारताना मी ऐकलं, आणि काकी, तुम्हाला कुठला, हे मी एकदाही विचारलं नाही. माझी मलाच लाज वाटली. रंजना शांतपणे म्हणाली, "अबोली. मी विचारलं होतं."

तिने फळीवरून अबोली साडी काढली, गळ्यात टेप टाकली आणि काकीशेजारी बसली. तेव्हा लक्षात आलं, काकीचं माप आमच्या मापांच्या वहीत नव्हतंच. तिचे जुनेच ब्लाउज ती स्वतः उसवून पुन्हा शिवायची. रंजनाने छाती मोजली, कंबर मोजली, दंड मोजला, तो उजवा हात अलगद उचलून बाहीचं माप घेतलं. मग ब्लाउजचं कापड कापलं आणि मशीनवर बसली. बाहेर पाऊस, तिरडी तयार, माणसं ताटकळलेली. अण्णा पुढे आला. "अगो, जाळायचंच आहे ना? मग माप कशाला?"

मी जन्मात थोरामाणसावर हात उचलला नव्हता. गज कधी वर गेला मला कळलं नाही. तो अण्णाच्या मनगटावर बसला. अण्णा माझ्याकडे बघत राहिला, मग गजाकडे. त्याचे डोळे भरले. तो मागे गेला आणि दाराजवळच्या आपल्या स्टुलावर जाऊन बसला.

आत मशीन चालू राहिली. मी दारातून हलले नाही. तासाभराने रंजनाने दोरा तोडला, कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं, आणि आम्ही दोघींनी मिळून काकीला तो ब्लाउज चढवला. बाही तंतोतंत बसली.